नवा गुग्गुळ, जुना गुग्गुळ

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात गुग्गुळ मागितला, की पुडी बांधण्यापूर्वी जाणता दुकानदार विचारतो : धुपाला हवा, की औषधाला? दोन्ही बरण्यांतली वस्तू दिसायला जवळपास सारखीच असते. तांबूस-काळपट, बोटांना किंचित चिकटणारे खडे आणि त्यांत अडकलेले सालीचे तुकडे व वाळूचे कण. गिऱ्हाईक बहुधा धुपासाठीच आलेले असते आणि प्रश्नाकडे त्याचे फारसे लक्ष नसते.

प्रश्न मात्र फार जुना आहे. हा डिंक आधी धूर होता. औषध तो नंतर झाला. त्याचे हे दुसरे आयुष्य इतके यशस्वी ठरले, की आज त्याच्या झाडावरच जगण्या-मरण्याची वेळ आली आहे.

झाड म्हणावे असे त्यात दिसण्यासारखे काही नाही. कच्छ, काठियावाड, राजस्थानचा कोरडा पट्टा, सिंध आणि बलुचिस्तान हा त्याचा मुलूख. माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे अधिक वाढणारे, वेडेवाकडे, काटेरी झुडूप; साल कागदासारखी सुटणारी; वर्षाचा बराच काळ अंगावर पान नाही. शास्त्रीय नाव कॉमिफोरा विटाय. त्यातले ‘विटाय’ हे मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून आले. बाळंतिणीच्या औषधांत मराठी घराला ठाऊक असलेला हिराबोळ हा याच प्रजातीतल्या दुसऱ्या झाडाचा डिंक, आणि सातपुड्याच्या रानात वाढणारी सालई याच कुळातली. सुगंधी डिंक गाळणाऱ्या झाडांचे हे मोठे घराणे आहे. त्यातला हा वाळवंटातला गरीब नातेवाईक.

अथर्ववेदाच्या १९ व्या कांडात गुग्गुळाला उद्देशून एक छोटे सूक्त आहे. हे कांड संहितेत उशिरा जोडले गेले असे अभ्यासक मानतात, तरीही ते पुरेसे प्राचीन आहे. ज्याच्यापर्यंत या औषधाचा सुगंध पोहोचतो त्याला यक्ष्मा गाठत नाही, शाप बाधत नाही. रोग त्याच्यापासून हरणांसारखे पळतात, असा त्याचा आशय. तिथे गुग्गुळ पोटात घ्यायचा नाही, त्याचा केवळ वास घ्यायचा आहे. तो सिंधूकडचा असो की समुद्राकडचा, दोन्हींचे नाव घेतले आहे, असेही ऋषी म्हणतो. म्हणजे बाहेरून येणारी, दोन वाटांनी येणारी वस्तू म्हणून तो त्या काळीही ओळखला जात होता. त्याच वेदात अन्यत्र एका अप्सरेचे नाव गुग्गुलू आहे. सुगंधाला स्त्रीरूप देण्याची ही रीत मोठी लोभस, पण त्या अप्सरांना मंत्राने हाकलून लावायचे आहे, हे विसरून चालत नाही.

तैत्तिरीय संहितेतली कथा याहून विलक्षण आहे. देवांना हवी पोहोचवता पोहोचवता अग्नीचे थोरले भाऊ संपून गेले. अग्नीने विचार केला, हाडे असलेले माझे भाऊ नष्ट झाले, तर मी हाडेच टाकून देतो. त्याने टाकलेल्या हाडांचा पूतुद्रू हा वृक्ष झाला आणि मांसाचा गुग्गुळ. त्या काळी त्याचा उच्चार ‘गुल्गुलु’ असा होता. देवाच्या मांसापासून झालेला हा पदार्थ पुढच्या काळात ‘पलंकषा’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि त्या नावाचा रूढ अर्थ आहे मांस खरवडून काढणारा.

हे स्थित्यंतर ज्या ग्रंथात स्पष्ट दिसते तो सुश्रुतसंहिता. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपर्यंत थराथराने आकाराला आलेल्या या ग्रंथात गुग्गुळ दोन्ही रूपांत भेटतो. शस्त्रकर्म आटोपले, की गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड आणि पांढऱ्या मोहरीचे चूर्ण, त्यात मीठ व कडुनिंबाची पाने, आणि वर तूप, अशा मिश्रणाची धुरी द्यावी, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. मराठी घरांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर वावडिंग, ओवा, ऊद घालून जी धुरी देत, ती याच विचारातली. (तान्ह्या मुलाच्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही, म्हणून आजचे बालरोगतज्ज्ञ ती देऊ नका असे सांगतात, आणि ते ऐकावे.)

इथे एक मोह आवरावा लागतो. सुश्रुतांना जंतू ठाऊक होते, असे हल्ली सर्रास लिहिले जाते. ग्रंथ तसे म्हणत नाही. रक्तमांसाच्या ओढीने निशाचर राक्षस जखमी माणसाकडे येतात, त्यांच्यापासून त्याचे रक्षण करायचे, असे ग्रंथ म्हणतो. कारण चुकीचे असूनही कृती उपयोगी असू शकते. इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे. त्या वैद्यांचा मोठेपणा जखमेभोवतीची जागा धुराने शुद्ध ठेवण्याच्या शिस्तीत आहे. त्यांच्या तोंडी सूक्ष्मदर्शक घालून तो वाढत नाही.

गुग्गुळाचे खरे स्तवन चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात येते. मोठ्या वातव्याधींचे उपचार सांगून झाल्यावर ग्रंथकार या डिंकाकडे वळतो. सुगंधी, हलका, सूक्ष्म, तीक्ष्ण, उष्ण, चवीला तिखट, पचल्यावरही तिखट, स्निग्ध, चिकट आणि हृदयाला हितकर असा तो आहे. सकाळी त्रिफळा, दारुहळद, पडवळ किंवा कुशमुळांच्या काढ्याबरोबर, अथवा गोमूत्राबरोबर, नाहीतर नुसत्या गरम पाण्याबरोबर घ्यावा. तो पचल्यावरच कढण, मांसरस किंवा दुधाबरोबर जेवावे. हे महिनाभर केले, की गुल्म, मेह, उदररोग, भगंदर असे कितीतरी विकार जातात, असा दावा आहे. दाव्यांची ही यादी आजच्या वाचकाला अतिरंजित वाटेल, आणि ती आहेच.

पण याच ठिकाणी एक वाक्य असे आहे, की ज्यावर थबकावे. गुग्गुळ नवा असेल तर तो शरीराला पुष्ट करतो, बल वाढवतो. जुना झाला, की तोच अतिशय कृश करतो. झाड तेच आणि खडाही तोच, पण मधे काळ गेला की गुण उलटा. हे निरीक्षण कितपत खरे आहे हा वेगळा प्रश्न. ज्याने ते लिहिले तो मात्र पदार्थाचे नाव सांगून थांबत नव्हता. किती जुना, कशाबरोबर, कोणत्या वेळी, किती दिवस आणि त्या काळात खायचे काय, हे सगळे मिळून त्याच्या लेखी एक औषध होते.

पुढच्या ग्रंथकारांनी ही अटींची वीण आणखी घट्ट केली. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त रंगावरून पाच प्रकार सांगितले : महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य. पहिले दोन हत्तींसाठी, नंतरचे दोन घोड्यांसाठी, आणि सोन्याच्या रंगाचा हिरण्य तेवढा माणसांसाठी. काहींच्या मते महिषाक्षही माणसाला चालतो. राजाच्या पागेत आणि पीलखान्यात औषधाची केवढी मागणी असेल, याचा अंदाज या विभागणीवरून बांधता येतो. चांगला माल कोणाच्या वाट्याला यावा, हेही तीत ठरवून टाकले आहे. गुग्गुळ घेणाऱ्याने आंबट व तीक्ष्ण पदार्थ, अतिश्रम, ऊन, मद्य, एवढेच नव्हे तर रागसुद्धा टाळावा, असे पथ्यही तिथेच दिले आहे.

घरोघरच्या कपाटांतला योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ आणि गोक्षुरादी गुग्गुळ यांच्या कृती शार्ङ्गधरसंहितेत आहेत. कच्चा गुग्गुळ कापडात बांधून त्रिफळ्याच्या किंवा गुळवेलीच्या काढ्यात, दुधात अथवा गोमूत्रात लोंबकळत ठेवून शिजवतात. डिंक विरघळून खाली उतरतो. साल, काड्या, खडे पुरचुंडीत राहतात. मग तो आटवून, तुपाचा हात लावून, इतर चूर्णांसह लोखंडी खलात कुटायचा. जितका कुटावा तितका मऊ होतो आणि गोळी वळता येते. म्हणजे या कल्पांत गुग्गुळ औषधही आहे आणि बाकीच्या औषधांना एकत्र धरून ठेवणारी खळही.

त्याच्या या चिकटपणावर वैद्यांखेरीज इतरांचीही नजर होती. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत देवळे, मूर्ती आणि भिंती यांना लावायच्या ‘वज्रलेपा’ची कृती आहे, त्यातल्या एका मिश्रणात लाख आणि कुंदुरूबरोबर गुग्गुळ येतो. कौटिलीय अर्थशास्त्रात तो शत्रूचा दुर्ग पेटवण्यासाठी करायच्या गोळ्यांत आहे, देवदार, राळ आणि लाखेच्या संगतीत. जखम धुपवणारा, मूर्ती सांधणारा आणि किल्ला जाळणारा पदार्थ एकच.

आणि तो देशाबाहेरही जात होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सिंधूच्या मुखावरील बार्बरिकोन आणि नर्मदेच्या मुखावरील बारिगाझा, म्हणजे आपले भडोच, या दोन्ही बंदरांतून ‘बडेल्लियन’ निघत असल्याची नोंद आहे. त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी बडेल्लियमचे वर्णन करतो आणि त्यात भेसळ कशी होते हेही सांगतो. हे नाव एकापेक्षा अधिक झाडांच्या डिंकांना वापरले जाई, त्यामुळे रोममधला प्रत्येक खडा कच्छ-सिंधचाच होता असे म्हणता येणार नाही. पण सिंधूच्या मुखावर जहाजात चढणारा माल कुठला असणार, हे भूगोलच सांगतो. अथर्ववेदातल्या ‘सिंधूकडचा आणि समुद्राकडचा’ या शब्दांशेजारी ही बंदरांची यादी ठेवून पाहावी.

एवढ्या दीर्घ प्रवासानंतर गुग्गुळ पुन्हा प्रकाशात आला तो १९६० च्या दशकात, बनारस हिंदू विश्वविद्यालयात. जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधिका तिथे सुश्रुतसंहितेचा अभ्यास करत होत्या. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात स्थौल्याचे वर्णन आहे : कफ आणि मेद यांनी शरीरातले मार्ग अडतात, इतर धातूंना पोषण मिळत नाही, केवळ मेद वाढत राहतो, आणि पुढे त्यातूनच घातक विकार उद्भवतात. रक्तातील चरबी आणि रक्तवाहिन्यांचे काठिण्य यांविषयी जगभर त्या वेळी जे चालले होते, त्याच्याशी या वर्णनाचे साम्य त्यांना जाणवले. मार्ग अडवणाऱ्या मेदावर ‘खरवडणारे’ द्रव्य म्हणून ग्रंथ गुग्गुळाकडे बोट दाखवत होता.

इथपर्यंत पोहोचलेले लोक पुष्कळ असतात. साम्य दिसले, की ‘आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून ते समाधानाने थांबतात. सत्यवती थांबल्या नाहीत. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन त्यांच्या रक्तातील चरबी वाढवली, मग गुग्गुळ देऊन ती मोजली. ती घटली, रक्तवाहिन्यांत होणारी विकृतीही कमी आढळली. १९६६ मध्ये प्रबंध पूर्ण झाला आणि १९६९ मध्ये द्वारकानाथ व त्रिपाठी यांच्यासह निबंध प्रसिद्ध झाला. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. भारतीय वैद्यकाच्या इतिहासात हा क्षण फार मोलाचा आहे, कारण एका जुन्या वाक्याला इथे तपासणीसाठी उभे केले गेले आणि ते खोटे ठरण्याची शक्यता मान्य केली गेली.

त्यानंतरची घोडदौड वेगवान होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील कारकिर्दीसाठी ख्यात असलेले रसायनशास्त्रज्ञ सुखदेव आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या डिंकातील स्टेरॉइड वर्गातली द्रव्ये वेगळी काढली; त्यांतली दोन ‘गुग्गुलस्टेरोन’ नावाने गाजली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत ‘गुग्गुलिपिड’ हा प्रमाणित अर्क तयार झाला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून तो भारतात विक्रीला आला. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी दाखवले, की गुग्गुलस्टेरोन यकृतातील पित्ताम्लांचे नियमन करणाऱ्या एका ग्राहीला अडवतो. कार्यकारणाची साखळी पूर्ण झाल्यासारखी वाटली.

पुढच्याच वर्षी ती तुटली. फिलाडेल्फियात कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांवर आठ आठवडे चाचणी झाली. काहींना गुग्गुलिपिडची १००० मिलिग्रॅमची मात्रा, काहींना २००० मिलिग्रॅमची, दिवसातून तीन वेळा; काहींना नुसतीच औषधविरहित गोळी. ज्यांना औषध नव्हते त्यांचे घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५ टक्क्यांनी घटले. ज्यांना गुग्गुळ मिळाला त्यांचे ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, आणि काही जणांच्या अंगावर पुरळ उठले. २००९ मध्ये नॉर्वेतील ४३ जणांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण त्याबरोबर हितकर एचडीएलही उतरले. एलडीएल जागचे हलले नाही.

हे निष्कर्ष इकडे पोहोचले तेव्हा ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटल्या. एका बाजूला सगळा आयुर्वेद भाकड असल्याचा हर्ष, दुसऱ्या बाजूला परदेशी षड्यंत्राचा संशय. दोन्हींना ग्रंथ उघडून पाहण्याची गरज भासली नाही. फिलाडेल्फियात जे दिले गेले तो एक अर्क होता. त्रिफळ्याच्या काढ्यात शिजलेला, जुना झालेला, पथ्यासह महिनाभर घ्यायचा सुश्रुतांचा गुग्गुळ तो नव्हता; सहभागी मंडळी आपला नेहमीचा पाश्चात्त्य आहार घेत होती. हा आक्षेप रास्त आहे. पण तो घेणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. अटींसह गुग्गुळ काम करतो असे म्हणायचे, तर अटींसह त्याची तितकीच कठोर चाचणी करून दाखवायला हवी, सत्यवतींनी सशांवर केली तशा निर्भय वृत्तीने. अन्यथा पथ्य ही पळवाट होते. बाजाराला मात्र या वादाशी कर्तव्य नव्हते. अटी वगळून फक्त नाव घेतलेल्या गोळ्या सांधेदुखीपासून वजन घटवण्यापर्यंत सगळ्यासाठी खपत राहिल्या.

आणि प्रत्येक गोळीमागे कुठेतरी एका खोडाला खाच पडत होती.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सालीला चीर दिली, की दुधट, पिवळसर रस पाझरतो आणि हवेत घट्ट होतो. दहा-पंधरा दिवसांनी तो खरवडून काढतात. एका झाडातून एका हंगामात साधारण पाव ते अर्धा किलो. झाड खाच सोसण्याइतके व्हायला आठ ते दहा वर्षे लागतात. खाच उथळ असेल, झाडाला विश्रांती मिळाली, तर ते जगते. अधिक रस निघावा म्हणून खोल घाव घालायचा आणि त्यात जनावरांचे मूत्र, मोरचूद असे काहीबाही भरायचे, ही रीत जुनीच. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुधारित चाकू आणि इथेफॉन हे रसायन वापरून उत्पन्न सुमारे २२ पट वाढल्याचे आढळले. (केळी पिकवायला वापरतात तेच इथेफॉन.) संशोधकांचा हेतू झाड न मारता रस वाढवण्याचा होता. रानात मात्र मात्रेचे भान उरले नाही. भरमसाट डिंक ओकून झाडे काही महिन्यांत वाळू लागली. खाच देणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. ज्या कोरड्या गावात दुसरे उत्पन्न नाही, तिथे झाड उद्या आपल्याच वाट्याला येईल याची खात्री नसेल, तर माणूस आजच सगळे काढून घेतो.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत गुग्गुळ ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला, म्हणजे रानातून नष्ट होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. या झाडाची प्रकृतीही घाईला पोषक नाही. नरझाडे अत्यंत दुर्मीळ. १९९६ मध्ये भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मादीझाडे परागणाविनाच बी धरतात. वंश चालू राहतो, पण बरीचशी संतती आईचीच प्रतिकृती असते आणि नव्या संकटाला तोंड देण्यासाठी लागणारे वैविध्य त्यात फारसे येत नाही. बी थोडे रुजते. लागवड मुख्यतः छाट काड्यांपासून करतात.

अशी काडी या पावसाळ्यात कच्छच्या एखाद्या खडकाळ उतारावर लावली, ती जगली, शेळ्यांपासून वाचली, तर तिला पहिली खाच पडायला आणखी आठ-दहा वर्षे आहेत. त्या खाचेतून जो डिंक येईल, तो सुश्रुतांच्या हिशेबाने नवाच गुग्गुळ असेल.